सल्लागार नेमका कोणाचा?

लोअर परळच्या ज्या आवारात १९०५ सालापासून फिनिक्स मिल उभी होती, तेथे आज मॉल आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यानंतर या शहरातील गिरणधंदा पूर्वीसारखा कधीच उभा राहिला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विक्रीला मोकळ्या करण्याची वाट काढली, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या वाटेवरील शेवटची मोठी अडचण दूर केली, आणि जेथे कापड विणले जात होते तेथे शिवलेले कपडे विकले जाऊ लागले. गिरणगावातून फेकल्या गेलेल्या कुटुंबांची पुढची पिढी विरार, बदलापूर, पनवेल येथून लोकलने याच परिसरात येते आणि दिवसभर पुरुषांच्या कपड्यांच्या दालनात उभी राहते. 'उभी राहते' हे शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचे आहेत; त्याचा विचार पुढे येईल.

या तरुणांच्या छातीवरील बिल्ल्यावर 'सेल्समन' हा शब्द आता सहसा आढळत नाही. कोठे 'फॅशन कन्सल्टंट', कोठे 'स्टाइल अ‍ॅडव्हायझर', कोठे 'मेन्सवेअर स्पेशालिस्ट' असे हुद्दे असतात. हुद्दा बदलला म्हणजे काम बदलले काय, आणि काम बदलले असल्यास मोबदला बदलला काय, हे दोन प्रश्न कामगार चळवळीने विचारावयास हवे होते. ते विचारले गेले नाहीत, कारण दुकानातील नोकराकडे चळवळीने नेहमीच थोड्या संशयाने पाहिले. तो शेठचा माणूस, गादीजवळ बसणारा, मालकाच्या जातीगोतातला किंवा गावचा. त्याला वर्गजाणीव कोठून येणार, अशी एक समजूत होती. ती पूर्वीही अर्धीच खरी होती. आज तर तिच्यात काहीच तथ्य उरलेले नाही.

प्रथम कामाचा विचार करू. पुरुषांचे कपडे विकणे ही कसबाची गोष्ट आहे, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. घडी उलगडायची, किंमत सांगायची, पुन्हा घडी घालायची, एवढेच त्याला दिसते. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर किंवा दादरला ज्यांनी एखाद्या मुरलेल्या गुमास्त्याकडून कापड घेतले असेल त्यांना मात्र या कसबाची ओळख असते. गिऱ्हाईक पायरी चढताच त्याची अंगकाठी, उंची आणि ऐपत यांचा अंदाज त्याला येई. पूर्ण बाहीच्या शर्टाला छत्तीस इंची पन्ह्याचे सव्वादोन मीटर, अठ्ठावन्न इंची पन्ह्याचे एक मीटर साठ सेंटिमीटर, ही गणिते त्याच्या जिभेवर असत. देहयष्टी स्थूल असेल तर किती वाढवायचे आणि चौकडी जुळवायची असेल तर किती, हेही तो जाणे. तागा फळीवर आपटून उलगडताना बोटांच्या चिमटीत कापड धरून ते आटेल किती, रंग सोडेल काय, इस्त्री धरेल काय, हे तो सांगत असे. आणि 'साहेब, अडीच कशाला घेता, सव्वादोनात होईल' असे एक वाक्य बोलून तो गिऱ्हाईक पंचवीस वर्षांसाठी बांधून घेई.

तयार कपड्यांच्या जमान्यात हे कसब संपले असे नाही, त्याचे स्वरूप पालटले. आता विक्रेत्याला शिवण पाहावी लागते. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर येते की दंडावर घसरते, गळपट्टीत दोन बोटे शिरतात की नाही, कोटाच्या बाहीखालून शर्टाची किनार किती दिसते, कोटाच्या आतील अस्तरभरण शिवलेले आहे की नुसते चिकटवलेले, पॅन्टची लांबी बुटावर किती मोडते, आणि यांपैकी कोणता दोष शिंप्याकडून दुरुस्त होण्याजोगा आहे व कोणता नाही, हे त्याला एका दृष्टिक्षेपात कळावे लागते. कंबर आत घेता येते. खांदा सहसा घेता येत नाही. त्यात भर अशी की, आपल्याकडील तयार कपड्यांची मापे मुळात परक्या देहांवरून बेतलेल्या तक्त्यांवर चालत आली. भारतीय शरीराची स्वतंत्र मापसारणी तयार करण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेला 'इंडियासाइज' हा प्रकल्प हाती घ्यावा लागला. सहा शहरांतील पंचवीस हजार माणसांची मापे त्रिमितीय यंत्राने घेण्याची ती योजना. तक्ता आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये जे अंतर राहते ते इतकी वर्षे दालनातील विक्रेताच आपल्या नजरेने भरून काढीत आला आहे. या नजरेला वेतनश्रेणी नाही.

साहजिकच कोणी म्हणेल, मग 'सल्लागार' हा हुद्दा योग्यच नव्हे काय? कसबाची दखल घेतली गेली, यात तक्रार कसली? येथेच खरी मेख आहे. वकील, वैद्य, वास्तुविशारद यांना आपण सल्लागार म्हणतो तेव्हा गृहीत असे असते की, त्यांची फी सल्ला घेणारा देतो आणि त्यांचे उत्तरदायित्व सल्ला घेणाऱ्याशी असते. कपड्यांच्या दालनातील सल्लागाराचा पगार देतो विकणारा, आणि त्या पगाराचा एक भाग विक्रीच्या आकड्यावर अवलंबून असतो. महिन्याचे टार्गेट, एका बिलामागे सरासरी किती रुपये, एका बिलात किती नग, आत आलेल्या दर शंभर माणसांमागे किती जणांनी खरेदी केली, अशा मोजपट्ट्या त्याच्या डोक्यावर टांगलेल्या असतात. शर्ट घ्यायला आलेल्याला टाय, पट्टा, मोजे यांपैकी काहीतरी गळ्यात घातल्याशिवाय बिलातील नगांची संख्या वाढत नाही. अशा माणसाला 'सल्लागार' म्हणणे म्हणजे लिलाव पुकारणाऱ्याला पंच म्हणण्यासारखे आहे.

१९७० साली जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला; २००१ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले त्यात या निबंधाचा वाटा मोठा होता. विकणाऱ्याला मालाचे गुणदोष ठाऊक आहेत आणि घेणाऱ्याला नाहीत, अशा स्थितीत चांगला माल बाजारातून हटत जातो आणि वाईट माल टिकतो, असे त्याचे प्रतिपादन होते. कपड्यांच्या बाजारात या अज्ञानाची उदाहरणे पावलोपावली सापडतात. लोकरी कापडावर 'सुपर १००', 'सुपर १२०' असे आकडे छापलेले असतात. गिऱ्हाईक समजते, आकडा जितका मोठा तितके कापड टिकाऊ. वस्तुतः हा आकडा धाग्यातील लोकरीच्या तंतूची जाडी सांगतो: सुपर १०० म्हणजे जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन, सुपर १२० म्हणजे १७.७५. तंतू जितका बारीक तितके कापड मऊ, आणि रोजच्या वापरात तितकेच नाजूक. ज्याला आठवड्यातून पाच दिवस लोकलने जाऊन कचेरीत बसायचे आहे त्याला मोठ्या आकड्याचे कापड घेऊ नका असे सांगणे हाच प्रामाणिक सल्ला. तो दिला तर बिलाची रक्कम उतरते. मे महिन्यात लातूरला लागणाऱ्या लग्नासाठी मखमलीची शेरवानी मागणाऱ्या नवरदेवाला, 'साहेब, मांडवात घामाने हैराण व्हाल, साधी सुती-रेशमी घ्या' असे सांगणारा विक्रेता त्या नवरदेवाचा हितचिंतक असतो; त्याच महिन्यात त्याचे टार्गेट हुकले तर दुकानाच्या दृष्टीने तो निकामी विक्रेताही ठरतो.

येथे जुन्या गुमास्त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. उठाव नसलेला माल खपवणाऱ्याला त्याही काळी शेठ दोन पैसे हातावर ठेवीत असे, आणि गावाकडच्या गिऱ्हाइकाला पडून राहिलेला तागा 'खास तुमच्यासाठी' म्हणून दाखवला जात असे. फरक असा की, त्या लबाडीला दुकानाच्या पंचक्रोशीतील पतीची मर्यादा होती. तेच गिऱ्हाईक पुढच्या दिवाळीला दारात येणार होते. आजचा विक्रेता वर्षा-दीड वर्षात दुसऱ्या दालनात गेलेला असतो. कित्येकदा तो दुकानाचा नोकरही नसतो. मोठ्या भांडारात एखाद्या ब्रँडच्या कोपऱ्यात उभा असलेला तरुण कंत्राटदाराच्या पटावर असतो, काम ब्रँडचे करतो आणि शिस्त भांडाराची पाळतो. तीन धनी आणि एकही मालक नाही, अशी त्याची अवस्था असते. पगार चुकला तर दाद कोणाकडे मागावी, हे त्याला कोणी सांगत नाही.

आणि या सर्वांवर हसरा चेहरा ठेवायचा असतो. १९५१ साली अमेरिकेतील पांढरपेशा वर्गाचा अभ्यास करताना सी. राइट मिल्स यांनी दाखवून दिले की, विक्रेता आपल्या कष्टांबरोबर आपले व्यक्तिमत्त्वही बाजारात मांडतो. १९८३ साली आर्ली हॉकशील्ड यांनी विमानातील सेविकांचा अभ्यास करून 'भावनिक श्रम' ही संज्ञा रूढ केली. पुरुषी वस्त्रांच्या दालनात या श्रमाचे एक खास रूप आढळते. गिऱ्हाईक आरशासमोर उभे असते, पोट सुटलेले असते, केस मागे हटलेले असतात, आणि त्याला ते दिसत असते. विक्रेत्याने त्या माणसाचा संकोच त्याला न दुखावता दूर करायचा असतो. हे काम नाजूक आहे आणि चांगले केले तर मोलाचेही आहे. पहिल्या मुलाखतीसाठी पहिला कोट घेणाऱ्या खेड्यातील मुलाला, बापाच्या तुटपुंज्या पैशांत काय बसेल हे त्याची लाज राखून सांगणारा विक्रेता समाजाच्या उपयोगीच पडत असतो. परंतु हेच काम दिवसातून साठ वेळा, घड्याळावर, आणि ग्राहकाच्या वेषात आलेला तपासनीस कोणता हे माहीत नसताना करावे लागले की, त्यातील माणुसकी झिजून जाते व पाठ केलेली वाक्ये उरतात. शिवाय ज्या कपड्यांचे तो गुणगान करतो ते त्याच्या आवाक्यातले नसतात. अंगावरील काळा शर्ट दुकानाचा. संध्याकाळी बाहेर पडताना पिशवीची झडती व्हायची तीही त्याचीच. त्याला इंग्रजी बोलता यावे, दिसायला तो 'नीटस' असावा, अशा अटी नेमणुकीच्या वेळी असतात. या 'नीटस'पणात कोणते रंग, कोणत्या वस्त्या आणि कोणती आडनावे बाहेर राहतात, याची तपासणी कोणी केलेली नाही.

'भांडवल' ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात व्यापारी नोकरवर्गाविषयी मार्क्सने एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. शिक्षणाचा प्रसार होतो तसतसे हे काम करू शकणारे हात वाढतात, कौशल्य वाढूनही वेतन घसरते, असा त्याचा आशय. आज वाणिज्य शाखेचा पदवीधर सदरे विकतो आहे आणि बिल्ल्यावर 'कन्सल्टंट' लावतो आहे. हुद्द्याची चढण आणि पगाराची उतरण एकाच जिन्यावर आहेत. हुद्द्याचे आणखी एक कार्य असते. औद्योगिक विवाद कायद्याखाली 'कामगार' कोण याचा वाद विक्रीच्या कामाबाबत दीर्घकाळ चालला. औषध कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी त्या व्याख्येत बसत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९४ साली दिला. त्यांच्यासाठी १९७६ चा स्वतंत्र कायदा तरी होता. दालनातील विक्रेता माल हलवतो, मांडतो, बिले करतो, म्हणून त्याचा दावा अधिक बळकट आहे. आणि न्यायालये हुद्दा न पाहता प्रत्यक्ष काम पाहतात, हे तत्त्व जुने आहे. पण न्यायालयापर्यंत जाणार कोण? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक 'कामगार' राहत नाही. दोन मुलांवर देखरेख करणाऱ्या तिसऱ्या मुलाला 'फ्लोअर इन्चार्ज' म्हणण्यात मालकाचा काय लाभ आहे, हे यावरून ध्यानात यावे.

आता उभे राहण्याविषयी. कारखान्यातील कामगाराला बसण्याची सोय असावी, असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात होते. इंग्लंडमध्ये दुकानातील स्त्री नोकरांसाठी, दर तिघींमागे एक आसन ठेवण्याची सक्ती करणारा कायदा त्याही आधी, १८९९ साली झाला. ज्या दुकानी नोकरांच्या हालअपेष्टांमुळे तेथील लोकमत जागे झाले, त्यांच्यातूनच मार्गारेट बाँडफील्ड पुढे आल्या आणि १९२९ साली ब्रिटनच्या मंत्रिमंडळातील पहिल्या स्त्री मंत्री झाल्या. खाते मजुरांचेच मिळाले. आपल्या देशात ही गोष्ट घडायला एकविसावे शतक उजाडावे लागले. कोझिकोडच्या बाजारपेठेत पी. विजी या शिलाईकाम करणाऱ्या स्त्रीने दुकानांतील बायकांना संघटित केले. लघवीला जाण्याची सोय आणि बसण्याचा हक्क, या दोन मागण्या. कोणत्याही क्रांतिकारक जाहीरनाम्यात न शोभणाऱ्या. २०१८ साली केरळ सरकारला दुकाने कायद्यात दुरुस्ती करावी लागली आणि २०२१ साली तमिळनाडूने तशीच दुरुस्ती केली. महाराष्ट्रात अशी चळवळ झाली नाही. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत उभ्याने काम करणाऱ्यांसाठी आसनव्यवस्थेची तरतूद आहे खरी, परंतु कागदावरील स्टूल दालनात आणण्यासाठी ते मागणारे कोणीतरी लागते. दहा-दहा तास उभे राहून पायांच्या शिरा फुगलेला पंचविशीतील तरुण 'सर, अजून काही दाखवू?' म्हणत असतो आणि समोर गिऱ्हाइकासाठी ठेवलेला मऊ सोफा रिकामा असतो.

ज्याला मुंबईत आजही 'गुमास्ता कायदा' म्हणतात त्याचा इतिहास या संदर्भात पाहण्यासारखा आहे. १९३९ साली मुंबई प्रांतात असा कायदा झाला, १९४८ साली त्याची जागा अधिक विस्तृत कायद्याने घेतली. त्यानुसार प्रत्येक दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणे बंधनकारक होते. २०१७ च्या महाराष्ट्र कायद्याने दुकाने वर्षाचे सर्व दिवस उघडी ठेवण्यास मोकळीक दिली. नोकराला आठवड्यातून एक सुटी मिळावी एवढे राखले. दहापेक्षा कमी कामगारांची दुकाने या कायद्याच्या बहुतेक तरतुदींबाहेर गेली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसपर्यंत नेण्याचा व दिवसाचे कामाचे तास नवावरून दहा करण्याचा निर्णय घेतला. वीसपेक्षा कमी नोकर असलेले कपड्यांचे दालन म्हणजे बहुतेक सगळीच दालने, हे सांगण्यासाठी आकडेवारीची गरज नाही. कोणत्याही बाजारपेठेतून एक फेरी मारावी.

साप्ताहिक सुटीतील हा बदल वरवर किरकोळ वाटतो. माणसाला सुटी मिळते ना, मग दुकान उघडे राहिले म्हणून काय बिघडले? बिघडले ते असे. पूर्वी बाजारपेठेचा वार ठरलेला असे आणि त्या दिवशी सगळे गुमास्ते एकाच वेळी मोकळे असत. सभा त्या दिवशी होई, मोर्चा त्या दिवशी निघे, किमान चहाच्या दुकानात चार दुकानांतील चार माणसे एकमेकांना पगार विचारीत. आता एकाची सुटी मंगळवारी, दुसऱ्याची गुरुवारी, आणि शनिवार-रविवारी कोणालाच नाही. सुटी शाबूत आहे. मात्र ती चौघांच्या वाट्याला एकाच दिवशी येत नाही. संघटना बांधू पाहणाऱ्या कार्यकर्त्याला पहिली अडचण येते ती हीच, आणि कोणत्याही दडपशाहीपेक्षा ती अधिक परिणामकारक आहे.

छोट्या दुकानदाराचे काय, हा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो गैरलागू नाही. तालुक्याच्या गावी स्वतः मापे घेणारा, पुतण्याला हाताशी धरून दुकान चालवणारा कापडवाला मॉलशी आणि घरपोच कपडे पाठवणाऱ्या कंपन्यांशी झुंजत आहे. त्याच्या डोक्यावर तपासनीस बसवून काही साधणार नाही. मात्र स्टूल ठेवण्याचा खर्च त्यालाही परवडतो, आणि कामाचे तास सर्वांना सारखे असले तर फायदा त्याचाच होतो, कारण रात्री साडेदहापर्यंत दिवे जाळण्याची ताकद मॉलची आहे, त्याची नाही.

विक्रीवरील कमिशनचा प्रश्न अधिक अवघड आहे. ते सरसकट बंद करा म्हटले तर पहिला विरोध विक्रेत्यांकडूनच होईल, कारण मूळ पगार इतका तुटपुंजा की दिवाळी आणि लग्नसराईतील कमिशनवरच वर्षाचे शाळेचे शुल्क भरले जाते. म्हणून मागणीचा क्रम महत्त्वाचा ठरतो: आधी जगण्यापुरते मूळ वेतन, मग सबंध दालनाला मिळून सामायिक कमिशन, ज्यामुळे एकाच गिऱ्हाइकावर तिघांनी झडप घालण्याचे कारण राहणार नाही, आणि विकलेला कपडा परत आला तर त्याची वजावट विक्रेत्याच्या पगारातून होऊ नये. मुंबईत समाजवादी कार्यकर्त्यांनी १९४८ साली नायगावला 'अपना बाजार' सुरू केला तेव्हा ग्राहक आणि नोकर यांची हिते एका छपराखाली सांभाळता येतात, अशी त्यांची श्रद्धा होती. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. नंतर या दोन वाटा वेगळ्या झाल्या: ग्राहक चळवळ किंमत आणि दर्जा पाहू लागली, कामगार चळवळ वेतन पाहू लागली, आणि ज्या काउंटरवर दोघांची गाठ पडते ते काउंटर दोघांच्याही नजरेतून सुटले. खोटा सल्ला मिळालेले गिऱ्हाईक आणि तो द्यावा लागलेला विक्रेता यांची तक्रार एकाच अर्जावर लिहिता येईल, असे कोणाला सुचले नाही.

ज्या शाखांच्या हद्दीत मॉल आहेत त्यांनी निदान एवढे करावे. दालने उघडण्याआधी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, हे विक्रेते मागच्या नोकरांच्या दरवाजासमोर टपरीवर चहा पीत उभे असतात. बिल्ले तेव्हा अजून खिशात असतात. सुट्यांचे वार निरनिराळे असले तरी ही पंधरा मिनिटे सर्वांची एकच आहेत. पहिली भेट तेथेच घ्यावी, आणि बोलणे स्टुलापासून सुरू करावे.